सेंद्रिय संत्रा: आधी फावडं, मग ड्रम

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर सेंद्रिय संत्र्यावर अर्धं पान लेख आला होता. फोटोही झकास होता, निळा ड्रम, त्यात काठी फिरवणारा शेतकरी आणि मागे फळांनी वाकलेली झाडं. लेख वाईट नव्हता हो, पण अख्ख्या लेखात माती हा शब्द मी मोजला तर दोनदा आला, आणि दोन्ही वेळा "काळी आई" म्हणून. तिच्या पोटात काय चाललंय, पाणी मुरतं की साचतं, खाली चुनखडी आहे की मुरूम, याबद्दल एक ओळ नाही. रासायनिक बंद करा, दर पंधरा दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं ड्रममधलं आंबवण, सोडा, बाग सेंद्रिय झाली, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्याची किंमत ४१ झाडं मोजून दिलीय, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण मातीचं कापू नका.

मी वरूड तालुक्यातला. आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, म्हणणारे म्हणोत. तीन एकर नागपुरी संत्रा आहे, ३३० झाडं, जंबेरीच्या खुंटावरची (खाली जंगली लिंबाची मुळं, वर संत्र्याचं कलम), सहा बाय सहा मीटरवर बाबांनी २००८ ला लावलेली. २०१९ चा उन्हाळा आमच्याकडे कोणी विसरणार नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड सगळीकडे बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं करवतीनं कापून सरपणाला दिली. आमची बाग आम्ही टँकरनं जगवली, कर्ज झालं पण एक झाड जाऊ दिलं नाही. त्यानंतर मी ठरवलं की आता खर्च कमी करायचा, सेंद्रियकडे वळायचं, आणि २०२० पासून युरिया, डीएपी, फवारे सगळं एका झटक्यात बंद केलं. ड्रम आणला. गाय होतीच. गूळ, बेसन, शेण, गोमूत्र, सगळं नियमानं.

आणि २०२२ चा पावसाळा आला. जुलै-ऑगस्टमधे पाऊस थांबायचं नावच घेईना, वावरात टोंगळ्याएवढं पाणी नव्हतं पण माती दीड महिना सुकलीच नाही. पोळ्याच्या आसपास फळगळ सुरू झाली, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. मग पानं पिवळी, मग शेंड्याकडून फांद्या वाळायला लागल्या. मी काय केलं असेल? जीवामृत वाढवलं. पंधरा दिवसांचं आठ दिवसांवर आणलं. म्हणजे आधीच पाण्यात बुडालेल्या बागेला एकरी अजून २०० लिटर पाजलं!

गावात एक जुने कृषी सहायक आहेत, रिटायर झालेले. ते सहज चक्कर मारायला आले. झाडाकडे बघितलंच नाही त्यांनी, म्हणाले फावडं आण. झाडाच्या घेराच्या कडेला, म्हणजे दुपारी बाराला जिथपर्यंत सावली पडते त्या रेषेवर, फूटभर खड्डा केला. माती निघाली ती निळसर-काळी, साबणाच्या वडीसारखी चिकट, आणि वास गटारासारखा. त्यात मुळं होती, करंगळीपेक्षा बारीक, ज्यांनी झाड खातं-पितं ती. निरोगी मूळ पांढरट पिवळं असतं, नखानं खरवडलं तर करकर वाजतं. माझी मुळं तपकिरी, आणि त्यांनी एक मूळ चिमटीत धरून नुसतं ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून बोटात आली आणि आत दोऱ्यासारखी तार तेवढी उरली. म्हणाले, "भाऊ, झाड आजारी नाही, झाड बुडून राह्यलं आहे."

पाण्यावाचून वाचवलेली बाग पाण्यानं गेली.

आता हे असं का होतं ते मला नंतर समजलं आणि तेच तुमच्या लेखात यायला हवं होतं. आमची काळी माती ही कपाशीसाठी सोनं आहे पण संत्र्यासाठी जरा अवघड बाई आहे. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सगळी भोकं बंद करते, सुकली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भेगा पडताना मुळं तुटतात ते वेगळंच. संत्र्याची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-सव्वाफुटातच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. भोकं बंद झाली की हवा संपली. आणि त्याच ओल्यात फायटोप्थोरा नावाची बुरशी असते, तिची बीजं चक्क पाण्यात पोहतात, मुळापर्यंत पोहत जातात आणि मूळकूज, पायकूज, डिंक्या (खोडातून डिंक गळतो तो) हे सगळं तिचंच काम. म्हणजे पाणी साचणं हा अर्धा रोग आहे, उरलेला अर्धा बुरशी. यात सेंद्रिय आणि रासायनिक हा प्रश्नच येत नाही, मुळाला श्वास नसेल तर तुम्ही वरून युरिया टाका नाहीतर गांडूळखत टाका, खाणार कोण?

म्हणून माझं पहिलं काम झालं चर. दर दोन ओळींनंतर एक चर, दीड फूट खोल, फूटभर रुंद, उताराच्या दिशेनं, नाल्यापर्यंत. जेसीबीनं नाही, मजुरांनी, कारण जेसीबी मधल्या पट्ट्यात फिरला की माती अशी दाबून टाकतो की पाच वर्षं तिथं गवत नीट येत नाही. दोन उन्हाळे लागले. शेवटच्या चराचं पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जायला लागलं म्हणून दोन महिने आमची बोलचाल बंद होती, शेवटी धुऱ्याच्या कडेनं अर्ध्या-अर्ध्या खर्चानं पाईप टाकून ते मिटलं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण शेतीच्या लेखात शेजारी कधीच नसतो, आणि खऱ्या शेतीत निम्म्या गोष्टी शेजाऱ्यामुळे अडतात.

गेलेल्या ४१ झाडांच्या जागी नवीन लावताना मग सपाटीवर नाही लावलं, दीड-दोन फूट उंचीचा रुंद गादीवाफा करून त्यावर लावलं. खुंटही बदलला, जंबेरीऐवजी रंगपूर लाईमवरची कलमं घेतली कारण पायकुजीला तो तुलनेनं बरा टिकतो असं सगळेच सांगतात. तुलनेनं हं. चमत्कार नाही.

दुसरं काम, रोटाव्हेटर बंद. यावर घरात महाभारत झालं. आमच्या बाबांच्या पिढीचं म्हणणं की बाग आरशासारखी स्वच्छ पाहिजे, गवताची काडी दिसली की शेतकरी आळशी. मी पहिल्या पावसाळ्यात गवत वाढू दिलं तर बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "हे काय जंगल करून ठेवलं बे? लोकं हासतीन ना." आणि लोकं हसलीच. पण बघा, वर्षातनं चार वेळा रोटाव्हेटर फिरला की वरच्या सहा इंचातली खाणारी मुळं चार वेळा कापली जातात, प्रत्येक कापलेलं टोक म्हणजे बुरशीला उघडं दार, आणि रोटाव्हेटरच्या पात्यांखाली सहा-सात इंचावर सिमेंटसारखा थर तयार होतो तो तर पाणी खाली जाऊच देत नाही. मी सबल मारून बघितली, ठक्क असा आवाज आला. तणनाशकाचा तर सेंद्रियमधे प्रश्नच नाही. म्हणून आता गवत उपटायचं नाही, ग्रासकटरनं वीतभर ठेवून कापायचं आणि तिथंच झाडाखाली पसरायचं. गवताची मुळं कुजली की त्यांच्या जागी भोकं राहतात, त्यातून पाणी खाली उतरतं, फुकटचं नांगर. सगळंच गवत चांगलं असं मी म्हणत नाही, हरळी आणि कुंदा आला तर खोदून काढावाच लागतो, गाजरगवत फुलाच्या आत उपटावंच लागतं. पण केना, चवळीसारखे वेल, साधं गवत, असू द्या.

मधल्या मोकळ्या पट्ट्यात जूनमधे ताग टाकतो. फुलावर यायच्या बेतात, साधारण दीड महिन्यानं, कापून तिथंच आडवा करतो, गाडत नाही. लोक गाडा म्हणतात, पण गाडायला परत औजार घालावं लागतं आणि आपण तिथंच येतो.

आता खत. इथं थोडा हिशोब करू या कारण सेंद्रियवाले हिशोब सांगतच नाहीत आणि रासायनिकवाले त्यावरनं हसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ५० किलो शेणखत आणि साडेसात किलो निंबोळी ढेप असं आमच्याकडे सांगतात, आणि त्याबरोबर रासायनिकमधून ८०० ग्रॅम नत्र. माझं रासायनिक बंद. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा, म्हणजे ५० किलोत पाव किलो. ढेपेत चार-पाच टक्के धरा, म्हणजे ३००-३७५ ग्रॅम. दोन्ही मिळून सहाशेच्या आसपास, आणि तेही त्याच वर्षी सगळं मिळत नाही, हळूहळू सुटतं. रासायनिकमधले ते ८०० ग्रॅम सुटले, त्यातलं जमेल तेवढं ताग, गवत, पालापाचोळ्यातनं यायचं. म्हणजे भागतं, पण ओढूनताणून भागतं. आणि ३३० झाडांना ५० किलो म्हणजे साडेसोळा टन, सात-आठ ट्रॉल्या, आणि ढेपेची जवळपास पन्नास पोती. माझ्याकडे जनावरं तीन. आधी प्रत्येक घरी बैलजोडी, दोन म्हशी होत्या, आता ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टर शेण देत नाही. शेणखताची ट्रॉली आज सोन्याच्या भावानं मिळते आणि त्यात अर्धी माती निघते. तुम्ही सेंद्रियवर लिहिता तेव्हा हा आकडा लिहा, मग बघा किती जण विचारतात की खत कुठून आणायचं. खरा प्रश्न तोच आहे.

माझं उत्तर अर्धवट आहे पण सांगतो. पऱ्हाटी, तुराट्या जाळणं बंद केलं, श्रेडर भाड्यानं आणून बारीक करतो. सोयाबीनचं कुटार गावातनं गोळा करतो, लोक आनंदानं देतात. हे सगळं शेणकाल्यात थरावर थर लावून सावलीत कुजवतो, चार-पाच महिने. धुऱ्यावर गिरीपुष्प लावलाय, त्याचा पाला वर्षातनं दोनदा. एक चूक मात्र सांगतो: पहिल्या वर्षी घाईत कच्चं शेण आणि न कुजलेलं कुटार थेट झाडाला घातलं. कच्च्या शेणानं हुमणी आली, उधई आली, आणि कुटार कुजायला जे नत्र लागतं ते जंतूंनी मातीतलंच ओढून घेतलं, झाड हिरवं व्हायच्या ऐवजी अजून फिकं पडलं. तर खत कुजलेलंच, हातात घेतलं तर पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला पाहिजे आणि ऊब लागता कामा नये. आणि खोडाशी ढीग नको, खाणारी मुळं तिथं नसतातच, सावलीच्या कडेला गोल पसरायचं.

जीवामृताबद्दल माझं मत विचाराल तर मी अजूनही वापरतो, पण त्याला खत म्हणत नाही. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, यातलं नत्र सगळं मिळून पाव किलो भरत नाही, ते एकरातल्या ११० झाडांना वाटलं तर झाडागणिक दोन ग्रॅम. दोन ग्रॅमवर संत्रा वाढतो का? ते विरजण आहे राजेहो. विरजणानं दही लागतं पण पातेल्यात दूध तर पाहिजे, आणि दूध म्हणजे मातीतला कुजलेला काडीकचरा. माझ्या पहिल्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहतो तो कार्बन, ०.४ टक्क्याच्या आतबाहेर होता. रिकाम्या पातेल्यात मी दोन वर्षं विरजण घालत बसलो होतो.

आच्छादनाचं एक गाऱ्हाणं आहे, ते संत्रेवाल्यालाच कळेल. सगळे सांगतात आच्छादन करा, तीन-चार इंच जाड, ओल टिकते, भेगा पडत नाहीत, गांडुळं वर येतात. शंभर टक्के खरं. पण संत्र्याला बहारासाठी, म्हणजे फुलोरा यावा म्हणून, ताण द्यावा लागतो ना, काही दिवस पाणी तोडून झाड तहानेलं ठेवावं लागतं! आंबिया बहाराला डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाची पानं मलूल झाली, थोडी गळली की ताण बसला, मग जानेवारीत पाणी सोडून फूल. आता आच्छादन केलेल्या बागेत पाणी तोडलं तरी जमीन ओलीच राहते आणि ताण बसतच नाही. रासायनिकवाला अशा वेळी सरळ वाढरोधकाची फवारणी मारतो. सेंद्रियवाल्यानं काय करायचं? हे कुठल्याच लेखात नसतं. मी डिसेंबर लागला की आच्छादन झाडाखालून ओढून मधल्या पट्ट्यात नेतो आणि ताण तोडताना खत घालून, हलकं आंबवणीचं पाणी देऊन परत झाडाखाली आणतो. मजुरी लागते. पण चार वर्षांत तीनदा फूल चांगलं निघालं. एका वर्षी डिसेंबरातच अवकाळी पाऊस आला आणि सगळं मुसळ केरात, त्याला कोण काय करणार. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, मी सोडून दिलाय, एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या मातीला ताण द्यायचा म्हणजे भेगांनी मुळं तोडायची आणि गांडुळं भाजायची, तीन महिने कमावलेलं दोन महिन्यात घालवायचं. भाव मृगाला बरा मिळतो हे माहीत आहे, तरी सोडलाय.

पान पिवळं दिसलं की दुकानदार एक बाटली देतो, सेंद्रियची वेगळी आणि रासायनिकची वेगळी, भाव सारखाच. बाटली घेण्याआधी पान उन्हाकडे धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पानं बारीक आणि उभी, तर बहुतेक जस्ताची कमतरता. अगदी कोवळं पान पांढरट आणि शिरांची हिरवी जाळी, तर लोह. जुनी पानं सरसकट पिवळी तर नत्र. आणि उलटं असेल, म्हणजे मधली शीर पिवळी आणि पान हिरवट, तर बाटली ठेवा बाजूला आणि खोड आणि मूळ बघा, बहुतेक तिथं सडलंय. २०२२ ला माझी पानं अशीच होती आणि मी नत्र कमी पडलं असं समजत होतो.

जस्त-लोहाचं मूळ आमच्याकडे चुनखडीत आहे. माती परीक्षणाला लोक वरची वीतभर माती नेऊन देतात, ते सोयाबीनला ठीक आहे. फळझाडाला फूट-फूटभर थरानं तीन फुटांपर्यंत नमुने काढावे लागतात. माझ्या वावरात वरचे दोन फूट झकास, आणि खाली पांढरे खडे. एक घरगुती गंमत सांगतो, त्या खालच्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा आणि कानाशी धरा, चुनखडी असेल तर बारीक चरचर ऐकू येते आणि फेस दिसतो. प्रयोगशाळेत हेच आम्लानं मोजून करतात. मोकळा चुना दहा टक्क्यांच्या वर असला तर तिथं संत्रा लावूच नये म्हणतात, आणि लावून बसलो असू तर जस्त मातीत घालून उपयोग नाही, चुना ते धरून ठेवतो, फवारूनच द्यावं लागतं. सेंद्रिय प्रमाणपत्रात त्याला परवानगी मिळते पण आधी परीक्षणाचा कागद दाखवून कमतरता सिद्ध करावी लागते, मनानं फवारलं तर अडकाल.

खोडाचं थोडक्यात. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी उघडा पाहिजे, आमच्याकडे खुरपणी करता करता माती चढवून तो बुजवतात आणि मग डिंक्या आला म्हणून रडतात. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं, आतलं खोडाभोवतीचं कोरडं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. मोरचूद सेंद्रियमधे चालतं पण मोजकं, तांबं मातीत साचून राहतं. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी मी कुजलेल्या खतात मिसळून आठवडाभर ओल्या पोत्याखाली ठेवतो, मग मुळांकडे घालतो, झाडाला १०० ग्रॅमच्या हिशोबानं, आणि बोर्डो लावला त्याच दिवशी त्याच जागी घालत नाही, एकीकडे बुरशी मारायची आणि दुसरीकडे बुरशीच सोडायची याला अर्थ नाही.

आता दोन गाऱ्हाणी. एक, रोपांचं. माझ्या नवीन झाडांतली सात परत गेली, उपटून बघितली तर मुळं पिशवीतूनच सडकी आलेली. ज्या पन्हेरीतून घेतली तिथं पिशव्या जमिनीवरच, साचलेल्या पाण्यात ठेवलेल्या होत्या, आणि मी मूर्खासारखा वरचा पाला बघून पैसे दिले. आपण वावरात कितीही चर काढा, बुरशी पिशवीतनं घरी येणार असेल तर काय? आता मी दहातली एक पिशवी फाडून मूळ बघतो, मालक कुरकुर करतो, करू दे. संत्र्यासाठी नागपूरला १९८५ पासून केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, म्हणजे माहिती नाही असं नाही. माहिती वावरापर्यंत येताना कुठंतरी धुऱ्यावर अडते.

दुसरं, योजनांचं. सेंद्रियच्या नावाखाली ज्या काही वस्तू आमच्या गावात वाटल्या गेल्या त्यात ड्रम होता, बाटल्या होत्या, पाकिटं होती, टोपी होती. चरासाठी रुपया नव्हता, खोल माती परीक्षणासाठी नव्हता, श्रेडर गटाला मिळाला तो एकाच्या घरी उभा आहे. आणि प्रमाणपत्र घ्यायचं तर फळबागेला तीन वर्षं रूपांतराची, त्या तीन वर्षांत उत्पन्न कमी आणि भाव मात्र बाजूच्या रासायनिकवाल्याइतकाच, व्यापारी काटा मारताना तुमचा सेंद्रिय कर्ब विचारत नाही. हे लिहिलंत तर नवीन पोरं डोळे उघडे ठेवून उतरतील. नाहीतर अर्धं पान वाचून ड्रम घेतील, दोन वर्षांनी बाग जाईल आणि म्हणतील सेंद्रिय म्हणजे भंपकपणा.

माझी बाग आता कशी आहे? लय भारी नाही. उत्पन्न रासायनिकच्या काळापेक्षा अजून कमीच आहे, फळ थोडं लहान येतं. पण गेल्या पावसाळ्यात सलग नऊ दिवस पाऊस झाला आणि दहाव्या दिवशी मी बागेत चप्पल घालून फिरलो, चप्पल अडकली नाही. फावडं मारलं तर ढेकूळ हातात फुटलं, एका फावड्यात पाच गांडुळं निघाली, आणि मुळं पांढरी. बाबांनी एक मूळ नखानं खरवडून बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त गवत कापायला ग्रासकटरमधे पेट्रोल आहे का विचारलं.

तर साहेब, विनंती एवढीच की पुढचा लेख लिहायला तुमच्या वार्ताहराला नोव्हेंबरात पाठवू नका. तेव्हा फळं केशरी असतात, सगळ्याच बागा सुंदर दिसतात. ऑगस्टमधे पाठवा, चांगला आठ दिवस पाऊस लागल्यावर, तीन बागा बघायला सांगा, एक रोटाव्हेटरवाली, एक नुसती ड्रमवाली आणि एक चरवाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक फूट खड्डा करून त्या मातीचा फोटो छापा. फावडं मी देतो. गमबूट मात्र त्यांनी आणावे.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. वरूड, जि. अमरावती